कड्यावर अंडं एकच

तेलंगणातलं कागजनगर मागे टाकून बेज्जूरच्या सागवानी जंगलात शिरलं की पेद्दवागूच्या काठी पालरापूचा कडा दिसतो. जवळच प्राणहिता वाहते. तिच्या पैलतीरावर आपलं गडचिरोली. २०१६पर्यंत हा मुलूख आदिलाबाद जिल्ह्यातच होता, आता तो कुमुरम भीम आसिफाबादमध्ये मोडतो. दुर्बीण लावली की खडकावर पांढरे ओघळ दिसतात. ती शीट. तिच्या वरच्या कपारीत लांब चोचीच्या गिधाडांची घरटी. २०१३मध्ये इथली वसाहत उजेडात आली.

जोडी वर्षाला एकच अंडं घालते. नर-मादी ते आळीपाळीनं जवळजवळ पन्नास दिवस उबवतात. त्यातून निघालेलं पिल्लू स्वतः वीण घालू लागतं ते पाचेक वर्षांनी. इतक्या संथ चालीचा हा पक्षी, आणि संहार मात्र झपाट्याचा: १९९२ ते २००७ या काळात भारतातली लांब चोचीची गिधाडं सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. पांढऱ्या पाठीची तर हजारात एक उरली.

मारेकरी सापडला २००४ साली. गुरांना वेदनाशामक म्हणून टोचलं जाणारं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जातं, मूत्रपिंडं बंद पाडतं, आणि बाहेर न पडलेल्या युरिक आम्लाचे खडूसारखे थर काळजावर, यकृतावर साचतात. दोन-तीन दिवसांत पक्षी मरतो. मला सर्वांत हादरवणारी गोष्ट वेगळीच वाटते. शंभरात एखादंही ढोर असं विषारी निघालं नाही, तरी एवढा नाश होऊ शकतो, असं गणित शास्त्रज्ञांनी मांडलं. कारण एका ढोरावर अख्खा थवा उतरतो.

हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वर्षाला एकाच अंड्याच्या अडचणीवर एक युक्ती करतात. पहिलं अंडं काढून यंत्रात उबवायचं, म्हणजे जोडी काही आठवड्यांत दुसरं घालते. तिथल्या गिधाडांसाठी आणलेल्या बकऱ्याही आधी काही दिवस राखून ठेवतात, अंगात औषध असलंच तर ते निघून जावं म्हणून. जानेवारी २०२४मध्ये तिथली गिधाडं ताडोबात आणि पेंचमध्ये आणली गेली.

पण मोकळ्या गिधाडासाठी बकऱ्या कोण राखणार? ते गावच्या ढोरफोडीवर उतरणार आणि समोर येईल ते खाणार. म्हणून पिंजऱ्यातल्या पिल्लाचं आणि पालरापूच्या त्या एकुलत्या अंड्याचं भवितव्य गोठ्यात ठरतं, असं मी मानतो. २००६मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच राहिल्या. त्या आवरायला २०१५मध्ये कुपी ३ मिलिलीटरची करावी लागली. २०२३मध्ये गुरांसाठीच्या किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकवरही बंदी आली. मेलोक्सिकॅम मात्र गिधाडांना बाधत नाही, आणि गुरांच्या दुखण्यावर चालतं. बैल लंगडू लागला, तर गुरांच्या डॉक्टरकडे तेच मागावं.