आमच्या व्यंगचित्रकाराला जगवणार कोण?

आंबेडकरी चळवळीने शाहीर दिले, कवी दिले, लेखक दिले. भीमगीते गाणाऱ्या गायकांनी बाबासाहेब खेडोपाडी पोहोचवले. व्यंगचित्राचा कुंचला मात्र दीर्घकाळ दुसऱ्यांच्याच हाती राहिला. ज्याच्या हाती कुंचला, त्याच्या नजरेतून जग आपल्याकडे पाहते. म्हणून हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही, हे समाजबांधवांनी लक्षात घेतले पाहिजे.

मे २०१२ मधील प्रकरण आठवावे. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात शंकर यांचे १९४९ सालचे व्यंगचित्र होते. संविधानाच्या गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक उगारलेले पंडित नेहरू! संसदेत गदारोळ झाला आणि ते चित्र वगळण्याची घोषणा सरकारला करावी लागली. तेव्हा विद्वानांच्या एका वर्गाने आम्हालाच सुनावले, की तुम्हाला विनोद कळत नाही.

या टोमण्याला सणसणीत उत्तर दिले ते विजयवाड्याच्या एका आंबेडकरी व्यंगचित्रकाराने. उन्नमती श्यामसुंदर हे त्याचे नाव. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात ‘चांदोबा’ मासिकातील चित्रकलेवर संशोधन करणारा हा कलावंत जुन्या इंग्रजी वृत्तपत्रांच्या दप्तरात शिरला. १९३२ ते १९५६ या काळात बाबासाहेबांवर काढलेली शंभरहून अधिक व्यंगचित्रे त्याने शोधून काढली. शंकर, एन्व्हर अहमद, आर. के. लक्ष्मण अशी मोठमोठी नावे त्यात आहेत. प्रत्येक चित्रामागचा इतिहास सांगत त्याने ‘नो लाफिंग मॅटर’ हा ग्रंथ सिद्ध केला. ‘नवयान’ने तो २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. प्रस्तावना आहे आमच्या नांदेडच्या सूरज एंगडे यांची. एक चित्र पाहिले तर कदाचित विनोद वाटेल. शंभर चित्रे ओळीने पाहिली की त्यामागचा आकस उघडा पडतो. आरडाओरड न करता, पुराव्यानिशी दिलेले हे उत्तर आहे.

श्यामसुंदर केवळ संशोधक नाहीत. त्यांच्या स्वतःच्या व्यंगचित्रांत फुले, सावित्रीमाई, बाबासाहेब आजच्या प्रश्नांवर बोलताना दिसतात. ही चित्रे लोकांपर्यंत पोहोचली ती फेसबुकसारख्या माध्यमातून. कोणत्याही संपादकाच्या मेहेरबानीवाचून विजयवाड्याची रेषा नागपूरच्या तरुणाच्या मोबाईलवर येते, ही फार मोठी गोष्ट आहे. असे आणखी किती कलावंत गावोगावी रेखाटत बसले असतील? त्यांना शोधणे आता पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही.

पण शोधून पुढे काय? अंगठा दाखवून चित्र पुढे ढकलले, म्हणजे आपले कर्तव्य संपले काय? कलावंताच्या घरी चूल पेटते ती पैशाने, अंगठ्यांनी नव्हे. १४ एप्रिल आला की अशीच चित्रे जयंतीच्या फलकांवर झळकतात. फलक छापणाऱ्याला पैसे मिळतात, मंडपवाल्याला मिळतात, डीजेवाल्याला तर आगाऊ मिळतात. ज्याने चित्र काढले त्याची मात्र सही कापली जाते आणि त्या जागी कार्यकर्त्याचा फोटो येतो! दुसऱ्याचे श्रम फुकट वापरणे याला आपण वेठबिगारी म्हणतो. मग हे काय आहे?

इतिहास काय सांगतो? ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. ‘केसरी’ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली, म्हणून पत्र उभे राहिले. तरीही ते फार काळ टिकले नाही. पुढे १९२७ मध्ये निघालेले ‘बहिष्कृत भारत’ही पैशाअभावी बंद पडले. बाबासाहेबांची लेखणी कमी पडली नव्हती. कमी पडली होती ती वर्गणीदारांची संख्या.

म्हणून आमचे सांगणे अगदी साधे आहे. चित्र वापरायचे असेल तर कलावंताला विचारा, त्याचे नाव ठेवा आणि मानधन द्या. त्याचे पुस्तक विकत घ्या, उसने मागू नका. जयंती मंडळांनी आपल्या अंदाजपत्रकात कलावंताच्या मानधनाची एक ओळ घालावी. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीवर पुस्तकांसाठी रांगा लावणारा हा समाज आहे. तिथल्या एखाद्या स्टॉलवर आपल्या व्यंगचित्रकारालाही जागा द्यावी. आणि घरातले पोर वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढत असेल, तर त्याच्या पाठीत धपाटा घालण्याआधी ते पान एकदा नीट पाहावे.

आमची चित्रे इतरांनी काढली तेव्हा काय झाले, हे शंभर चित्रांनी दाखवून दिले आहे. आता कुंचला आमच्या हाती आला आहे. तो हात उपाशी राहू नये, ही जबाबदारी चळवळीची आहे.

जयभीम!