डाग की चरा?

मोटारगाडीला पहिला ओरखडा उमटतो तो बहुधा हमरस्त्यावर नव्हे, तर घरच्याच आवारात. इमारतीखालच्या दोन खांबांमधून गाडी मागे घेताना कोणीतरी हात हलवीत ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत असते, आणि त्या ‘येऊ दे’च्या शेवटी कर्रकन आवाज होतो. उतरून पाहावे तर खांबाचा पिवळा रंग गाडीच्या कोपऱ्यावर! हा प्रकार रंगीत पत्र्यावर घडला तर काय करायचे ते नाक्यावरचा डेंटिंग-पेंटिंगवाला जाणतो. पण हल्लीच्या गाड्यांना रंग न दिलेले काळे, खरबरीत प्लास्टिकही पुष्कळ असते. बंपरचा खालचा भाग, चाकांवरच्या कमानी, दारांखालची रुंद पट्टी ही सारी त्याचीच. त्यावरच्या खुणेबद्दल मात्र जितकी माणसे तितकी मते. एक म्हणतो रॉकेल लावा, दुसरा म्हणतो खोबरेल तेल, आणि तिसरा पॉलिश पेपर घेऊनच धावतो. या तिसऱ्या गृहस्थांना प्रथम आवरले पाहिजे.

हे प्लास्टिक आहे तरी काय?

ज्यांनी अँबॅसडर किंवा पद्मिनी वापरली आहे, त्यांना क्रोमचा मुलामा दिलेले पोलादी बंपर आठवत असतील. त्यांची जागा पुढे ज्या प्लास्टिकने घेतली त्याचे नाव पॉलिप्रॉपिलीन. इटलीतील शास्त्रज्ञ जुलिओ नात्ता यांनी १९५४ साली त्याचे घट्ट, टिकाऊ रूप प्रयोगशाळेत मिळवले आणि १९६३ साली कार्ल झीग्लर यांच्यासमवेत त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

गाडीसाठी हे प्लास्टिक नुसते वापरीत नाहीत. ठोकर बसली तरी तडकू नये म्हणून त्यात थोडे रबर घालतात. ताठपणा यावा म्हणून शंखजिऱ्याची पूड घालतात. आपली टाल्कम पावडर होते तीच ही. आणि काळेपणासाठी घालतात चक्क काजळी! ही काजळी नुसता रंग देत नाही, तर उन्हातील अतिनील किरण स्वतः शोषून प्लास्टिकचे रक्षणही करते. कातड्यासारखे दिसणारे बारीक उंचवटे साच्यातूनच उमटतात.

रंगीत पत्र्यावर रंगाचा आणि त्यावर पारदर्शक वार्निशासारखा थर असतो. ओरखडा त्या वरच्या थरापुरताच असेल तर तो थर किंचित घासून सपाट करता येतो. इथे थरच नाही! वरपासून खालपर्यंत सारे एकच. त्यामुळे घासले की झिजतात ते उंचवटे, आणि खरबरीत पृष्ठभागावर एक गुळगुळीत, चकाकणारा ठिपका कायमचा बसतो. मूळ ओरखडा परवडला असे वाटू लागते.

मराठीने केलेले निदान

उपचारापूर्वी निदान हवे, आणि ते आपल्या भाषेने आधीच करून ठेवले आहे. आपण ‘डाग पडला’ म्हणतो आणि ‘चरा पडला’ असेही म्हणतो; पण या दोन गोष्टी एक नव्हेत. डाग म्हणजे बाहेरून येऊन बसलेले काहीतरी. चरा म्हणजे असलेले काहीतरी गेल्याची खूण. आलेले घालवता येते. गेलेले परत आणणे कठीण.

खांबाचा पिवळा रंग, दुसऱ्या गाडीचा लाल रंग, गाडीत चढताना लागलेला बुटाच्या रबराचा पट्टा हे सारे डाग. उलट खडबडीत भिंतीने उंचवटे चिरडले किंवा खरवडून नेले, तर तो चरा. तो पांढुरका दिसतो त्याचे कारण गमतीचे आहे. प्लास्टिकची फूटपट्टी जोराने वाकवली की वाकलेल्या जागी पांढरी रेघ उमटते, हे शाळेत आपण सर्वांनीच पाहिले आहे. ताण बसला की आत अतिसूक्ष्म पोकळ्या पडतात, त्यांवर प्रकाश विखुरतो आणि काळे ते पांढरे दिसू लागते.

ओळखण्याची रीत सोपी. जागा धुऊन, वाळवून तिच्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकले तर चरा. खूण रंगीत असून नख सरकन गेले तर डाग. खूण पांढुरकी आहे, नखही अडकत नाही, आणि पाणी लावताच ती दिसेनाशी होऊन वाळल्यावर परत येते, असे असेल तर वरवरचे घासटणे किंवा उन्हाने आलेला फिकेपणा समजावा.

डाग काढताना

पहिला उपाय साबणाच्या कोमट पाण्याचा. गाडीचा शांपू किंवा भांड्यांच्या द्रवसाबणाचे चार थेंब आणि जुना, मऊ दातांचा ब्रश एवढे पुरे. उंचवट्यांच्या फटींत बसलेली धूळ आधी निघाली पाहिजे, नाहीतर पुढे आपण फडक्याने धूळच घासत बसतो. गाडीचे वॅक्स या प्लास्टिकवर सांडून जे पांढरे डाग पडतात, तेही बहुधा याच उपायाने जातात.

एवढ्याने रंग निघाला नाही तर औषधांच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे. प्रथम गाडीच्या खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून पाहावे. मग मऊ फडक्यावर थोडेसे घेऊन डागावर अर्धा मिनिट टेकवावे आणि हलके पुसावे. जोर लावण्यापेक्षा तीनदा करावे. ते लगेच पेट घेते, म्हणून हे काम उघड्या हवेत आणि पणत्या लागण्यापूर्वी उरकावे.

भिंतीवरच्या रेघोट्या पुसणारा मेलामाइनचा पांढरा स्पंज इथेही उपयोगी पडतो. पण तो दिसायला मऊ असला तरी स्वभावाने अगदी बारीक पॉलिश पेपरच आहे. ओला करून, न दाबता, दोनचारदा फिरवावा आणि थांबावे.

थिनर मात्र हाती धरू नये. शेजारच्या रंगीत पत्र्याला तो लागला तर एकाचे दोन दुखणे होते. शिवाय गाडीतील सगळेच प्लास्टिक पॉलिप्रॉपिलीन नसते. सुट्या भागाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरे कोरलेली असतात. तिथे ‘पीपी’ऐवजी ‘एबीएस’ ही अक्षरे असली तर ते प्लास्टिक थिनरने विरघळू लागते. रॉकेलही नको. त्याने काही दिवस काळेपणा येतो, पण प्लास्टिकमधल्या रबराला तेल मानवत नाही आणि धूळ मात्र चिकटून बसते. खोबरेल तेलाचीही तीच कथा.

चरा असेल तर

इथे खरे बोलले पाहिजे: खोल चरा नाहीसा होत नाही, फार तर कमी दिसू लागतो. वरवरच्या पांढुरकेपणावर प्लास्टिकसाठी मिळणारे काळे द्रावण चांगले काम देते. त्यातले काही पावसापाण्याने लवकर जाते, काही बरेच टिकते.

कारागीर गरम हवेचे यंत्र फिरवून पांढुरकेपणा घालवतात. उष्णतेने पृष्ठभाग किंचित सैल होतो, सूक्ष्म पोकळ्या मिटतात आणि काळेपणा परततो. पण पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळते आणि ही यंत्रे ५०० अंशांची हवा सहज सोडतात. हात क्षणभर थबकला की पट्टी वाकडी झालीच! हे काम सवयीच्या हातांचे आहे.

चरा खोल असेल तर रंगकाम ठरवण्यापूर्वी सुट्या भागांच्या दुकानात त्या पट्टीची किंमत विचारावी. पुष्कळ पट्ट्या खटक्यांवर बसवलेल्या असतात आणि नवी पट्टी कधीकधी दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते. एवढ्यासाठी विम्याचा दावा करण्यापूर्वीही हिशेब करावा. दाव्याविना गेलेल्या वर्षांबद्दल गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० ते ५० टक्के सूट मिळते. एका ओरखड्यापायी ती गमावणे शहाणपणाचे नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांनाही हे ज्ञान उपयोगी पडेल. विकाऊ गाडीचे काळे प्लास्टिक नव्यासारखे चकाकत असेल तर खिशातला रुमाल त्यावरून फिरवावा. रुमाल तेलकट झाला तर किंमत बोलण्यापूर्वी विक्रेत्याला नम्रपणे सांगावे, ‘एकदा साबणाने धुऊन दाखवा.’ डाग असतील ते धुण्यात जातील. चरे राहतील, आणि किंमत त्यांच्याकडे पाहूनच ठरवावी.