पत्ता : मलबार, कोंकण वगैरे

सह्याद्रीतल्या वनस्पतींचे वाळवलेले नमुने एका छताखाली नाहीत. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ, शिवाय हावड्याचे केंद्रीय राष्ट्रीय हर्बेरियम अशा अनेक ठिकाणच्या कपाटांत ते विखुरलेले आहेत. इंग्रज अमदानीत ज्या नमुन्यांवरून नव्या जातींची पहिली वर्णने लिहिली गेली, त्यांतले बरेचसे लंडनमधील क्यू येथे गेले आणि तिथेच राहिले. त्यामुळे घाटमाथ्यावरच्या एका तेरड्याचा अभ्यास करायचा, तरी कधी काळी चार शहरे आणि एक समुद्र ओलांडावा लागे. ही कपाटे जागच्या जागी ठेवून त्यांतली माहिती एकत्र वाचता यावी, यासाठी सामायिक ऑनलाइन माहितीकोश उभारले जातात.

अशा माहितीकोशाचा मूळ घटक म्हणजे हर्बेरियम शीट. साधारण ४२ सेंटिमीटर लांब आणि २८ सेंटिमीटर रुंद अशा जाड कागदावर दाबून वाळवलेली फांदी शिवलेली किंवा चिकटवलेली असते. कोपऱ्यात लेबल असते : वनस्पतीचे नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि त्याचा वहीतला क्रमांक. लेबल हरवले, तर उरतो तो वाळका पाला.

कामाची सुरुवात छायाचित्रणाने होते. प्रत्येक शीटला स्वतंत्र बारकोड मिळतो, शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवली जाते. जुने नमुने ठिसूळ असतात. शीट पालथे केले की पाकळ्या गळतात. म्हणून क्यूमध्ये स्कॅनरच उलटा टांगला आणि शीट खालून वर उचलून त्याच्या काचेला टेकवण्याची सोय केली. कीड लागू नये म्हणून पूर्वी नमुन्यांना पाऱ्याचे क्षार लावत, त्यामुळे हाताळणाऱ्यांना हातमोजे लागतात. पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयाने काही वर्षांतच ५० लाखांहून अधिक शीटांची छायाचित्रे काढली. अशा प्रतिमेचे मोल बर्लिनने दाखवून दिले आहे. तिथल्या हर्बेरियमचा मोठा भाग १९४३ मधील बॉम्बहल्ल्यात जळाला. त्यातल्या अनेक मूळ नमुन्यांची कृष्णधवल छायाचित्रे शिकागोच्या फील्ड म्युझियमने १९२९ नंतरच्या दशकात काढून ठेवली होती. त्यांतल्या कित्येक जातींचा आज तेवढाच पुरावा शिल्लक आहे.

तरीही छायाचित्र हा या कामाचा सोपा भाग. खरी मेहनत लेबल वाचण्यात आहे. एकोणिसाव्या शतकात स्टॉक्स आणि लॉ या संग्राहकांनी पश्चिम भारतात गोळा केलेले नमुने हूकर आणि थॉमसन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी युरोपभर वाटले. त्यांच्या छापील लेबलावर ठिकाण म्हणून फक्त ‘मलबार, कोंकण वगैरे’ एवढेच आहे. शेकडो मैलांची किनारपट्टी त्या ‘वगैरे’त सामावते. अक्षांश-रेखांशाच्या रकान्यात इथे काय भरायचे? प्रामाणिक उत्तर म्हणजे एक बिंदू आणि त्याभोवती भलेमोठे वर्तुळ, म्हणजेच अनिश्चिततेची त्रिज्या. ही त्रिज्या न नोंदवलेला बिंदू नकाशावर अचूक दिसतो आणि तिथेच फसवतो.

गावाचे नाव नेमके असले तरी अडचण संपत नाही. आंबोली म्हटले की वनस्पतिशास्त्रज्ञाला सावंतवाडीजवळचा घाट आठवतो; पण आंबोली त्र्यंबकेश्वरजवळ आहे, जुन्नर तालुक्यात आहे आणि अंधेरीतही आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांचा प्रश्न आणखी वेगळा. आजच्या नकाशावर नाव शोधणारी संगणकप्रणाली पुनर्वसित वसाहतीकडे बोट दाखवेल, म्हणजे जंगलातली वेल माळावर उगवेल. इथे संग्राहकाची वही कामी येते : आदल्या दिवशीचा नमुना कुठला, दुसऱ्या दिवशीचा कुठला, यावरून मधला मुक्काम ठरवता येतो. एकाच झाडाच्या फांद्या अनेक संस्थांना वाटलेल्या असल्या, तर संग्राहकाचे नाव आणि क्रमांक जुळवून त्या ओळखता येतात आणि एका ठिकाणी सोडवलेला पत्ता सगळ्यांना लागू होतो. संग्रह एकत्र जोडण्याचा सर्वांत रोकडा फायदा हाच आहे.

नावांचा गुंता त्याहून जुना. जुन्नर परिसरातल्या शिंदळ माकुडी या वनस्पतीचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेल यांनी १८६०च्या दशकात फ्रेरिया इंडिका असे नामकरण केले. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या सन्मानार्थ. पुढे तीच वनस्पती कॅरालुमा, बाउसेरोसिया आणि सेरोपेजिया या प्रजातींत हलवली गेली. प्रत्येक कपाटात तिचे नाव त्या त्या काळच्या चिठ्ठीप्रमाणे राहिले. म्हणून माहितीकोशात शीटवरचे नाव जसेच्या तसे ठेवतात आणि आजचे मान्य नाव वेगळ्या रकान्यात जोडतात. जुने नाव पुसून नवे लिहिणे हा सोयीचा, पण वाईट मार्ग.

रकान्यांची नावे सर्वत्र सारखी असली तरच हे सारे जुळते. त्यासाठी २००९ मध्ये डार्विन कोअर हे मानक स्वीकारले गेले. २००१ मध्ये स्थापन झालेली जीबीआयएफ ही जागतिक यंत्रणा त्याच मानकातल्या नोंदी एकत्र करते. अमेरिकेच्या नैऋत्य भागातील हर्बेरियमांनी सिंबायोटा हे मुक्त सॉफ्टवेअर वापरून आपले संग्रह जोडले. छोट्या महाविद्यालयांची कपाटेही त्यात आली. भारतात वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे आभासी हर्बेरियम जुलै २०२२ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्यात सुमारे एक लाख नमुन्यांच्या प्रतिमा होत्या. महाराष्ट्रात मात्र संग्राहक प्राध्यापक निवृत्त झाले की पाठोपाठ बंद होणारी कपाटे अनेक महाविद्यालयांत आहेत, आणि त्यांची गणना सर्वांत शेवटी होते.

अशा नोंदींचा उपयोग ओळख पटवण्यापुरता नाही. बोस्टनच्या आर्नल्ड अर्बोरेटममधील नमुन्यांच्या तारखा तपासून २००४ मध्ये अभ्यासकांनी दाखवले, की १९००-१९२० च्या तुलनेत १९८०-२००२ या काळात तिथली झाडे सरासरी आठ दिवस आधी फुलू लागली होती. २०१० च्या एका अभ्यासानुसार, अद्याप वर्णन न झालेल्या सपुष्प वनस्पतींपैकी निम्म्याहून अधिक आधीच गोळा होऊन हर्बेरियमांत पडून असाव्यात.

नकाशा वाचताना मात्र संग्राहकांच्या वाटा ध्यानात घ्याव्या लागतात. खंडाळा, महाबळेश्वर, माथेरान, पुरंदर इथे ठिपक्यांची दाटी असते, कारण तिथे रस्ता होता आणि मुक्कामाची सोय होती. मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्यात ठिपका नसला, तर बहुधा तिथे कुणी गेलेलेच नसते. उलट काही ठिपके मुद्दाम पुसट केले जातात. शिंदळ माकुडी, दुर्मीळ कंदीलपुष्पे, आमरी किंवा सर्पगंधा यांचा नेमका कडा जाहीर झाला, तर पुढच्याच पावसाळ्यात तिथे खुरपी पोहोचू शकते. अशा जातींसाठी सर्वांना फक्त तालुका किंवा जिल्हा दिसतो. पूर्ण अक्षांश-रेखांश संस्थेकडे राहतात आणि ते देण्यापूर्वी संशोधकाकडून कामाचे कारण लेखी मागता येते.