खानदेशातील सिकलसेल आजार

सिकलसेल आजार हा हिमोग्लोबिनमधील जन्मजात दोषामुळे होणारा आनुवंशिक रक्तविकार आहे. महाराष्ट्रात तो विदर्भाबरोबरच खानदेशातील सातपुडा भागात, विशेषतः भिल्ल व पावरा समाजांत, आढळतो. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लवकर नष्ट होतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. परिणामी रक्तक्षय, वारंवार जंतुसंसर्ग आणि हाडे-सांध्यांत तीव्र वेदना उद्भवतात.

भूगोल

मुक्ताईनगरजवळ चांगदेव येथे पूर्णा नदी तापीला मिळते. तेथून पश्चिमेकडे तापीकाठची केळी-कापसाची सपाटी आणि तिच्या उत्तरेस सातपुड्याची रांग असे दोन पट्टे समांतर जातात. नकाशावर ते शेजारी असले, तरी वैद्यकीय महाविद्यालये जळगाव, धुळे व नंदुरबार या सपाटीवरील शहरांत आहेत. धडगाव, अक्कलकुवा तालुक्यांतील दुर्गम पाड्यांतून मात्र रुग्णाला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते.

हे जनुक अरण्यमय प्रदेशांत टिकून राहिले ते हिवतापामुळे. आई-वडिलांपैकी एकाकडूनच ते मिळालेली व्यक्ती 'वाहक' असते. ती सहसा निरोगी असून तिला तीव्र फॅल्सिपेरम हिवतापापासून काही संरक्षण लाभते. त्यामुळे यास एखाद्या जमातीचे वैगुण्य मानणे अशास्त्रीय आहे. माता-पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

स्थलांतर

प्राचीन व सक्तीच्या स्थलांतरांतून हे जनुक जगभर पसरले. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी वर्णिलेला रुग्ण हा कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावरून आलेला विद्यार्थी होता.

खानदेशात आज अधिक परिणाम करते ते हंगामी स्थलांतर. खरीप आटोपल्यावर सातपुड्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरात व पश्चिम महाराष्ट्रात जातात. शरीरातील पाणी कमी होणे, अतिश्रम आणि थंडी यांमुळे वेदनेचा झटका येऊ शकतो. उसाच्या फडात पहाटेच्या गारठ्यात काम करताना ही तिन्ही कारणे एकत्र येतात. हायड्रॉक्सियुरिया हे औषध नित्य घ्यावे लागते आणि त्यासाठी ठरावीक काळाने रक्ततपासणीही आवश्यक असते. रुग्णाची नोंद गावच्या आरोग्य केंद्रात आणि रुग्ण परजिल्ह्यात, अशा स्थितीत गोळ्या खंडित होतात. अनोळखी डॉक्टरकडे निदानाचा कागद न नेल्यास सामान्य सांधेदुखी समजून केवळ वेदनाशामक दिले जाण्याचा धोका असतो. म्हणून तपासणीनंतर मिळणारे कार्ड घरी न ठेवता सोबत बाळगणे महत्त्वाचे आहे.

तपासणी

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. स्थलांतराच्या महिन्यांत घरोघरी केलेल्या तपासणीत कुलूपबंद घरांतील माणसे सुटतात, आणि नेमकी तीच अधिक जोखमीची असतात. होळीपूर्वीच्या भोंगऱ्या बाजारांच्या दिवसांत अनेक कुटुंबे पाड्यांवर परतलेली असतात. शिबिरांसाठी तो काळ अधिक सोयीचा ठरतो.