लाल ठिपका

जर्मनीत न्यूरेंबर्ग, बांबेर्ग आणि बायरॉइट या तीन शहरांच्या मधल्या जंगलात चुनखडीचे असंख्य कडे विखुरलेले आहेत. या प्रदेशाचे नाव फ्रँकेन्युरा. १९७५ साली कुर्ट आल्बर्ट नावाचा तरुण प्रस्तरारोहक इथे रंग आणि ब्रश घेऊन फिरू लागला. तोवरची रीत अशी, की कड्यात ठोकलेला पिटॉन, म्हणजे लोखंडी खिळा, धरायचा, त्यावर पाय द्यायचा आणि वर सरकायचे. आल्बर्टला ज्या पिटॉनच्या आधाराशिवाय पुढे जाता आले, त्यावर त्याने लाल फुली मारली. एकाही पिटॉनचा आधार न घेता, न पडता अख्खी वाट चढून झाली, की पायथ्याशी लाल ठिपका काढला. जर्मन भाषेत ‘रोटपुंक्ट’. आज जगभरचे प्रस्तरारोहक ‘रेडपॉइंट’ म्हणतात ते हेच.

पिटॉन जागेवरच राहिले, दोरही राहिला. त्यांचे काम तेवढे बदलले: पडलो तर झेलायचे, चढायला मदत करायची नाही. आजचे स्पोर्ट क्लाइंबिंग याच तत्त्वावर उभे आहे. वाटेवर पक्के बोल्ट आधीच बसवलेले असतात. चढणारा त्यांत क्विकड्रॉ, म्हणजे दोन कड्यांची पट्टी, अडकवून दोर ओवत जातो आणि खाली जोडीदार बिले देतो, म्हणजे दोराचे दुसरे टोक सांभाळतो. जिवाची धास्ती कमी झाली, म्हणून ताकदीच्या शेवटच्या टोकापर्यंत जाऊन पडायची आणि पुन्हा प्रयत्न करायची मोकळीक मिळाली. मला या खेळाचा इतिहास आधार सोडत जाण्याचा इतिहास वाटतो. कोणता आधार सोडायचा, हे मात्र प्रत्येक देशातल्या खडकाने आणि माणसांनी आपापल्या परीने ठरवले.

मऊ खडकाचे कडक नियम

आल्बर्टच्या ठिपक्याचे मूळ ड्रेस्डेनजवळ, एल्बे नदीकाठच्या वालुकाश्मात आहे. पहिल्या महायुद्धापूर्वीच रुडॉल्फ फेरमान यांनी तिथले नियम लिहून काढले होते. चढायचे ते फक्त खडकाच्या नैसर्गिक पकडींवर, कृत्रिम आधार नाही. खडक मऊ, म्हणून फटीत धातूच्या वस्तू अडकवायच्या नाहीत. त्याऐवजी गाठी मारलेल्या पट्ट्या फटीत बसवायच्या. पाऊस पडून खडक ओला असेल तर हात लावायचा नाही. घामेजलेल्या बोटांना मॅग्नेशियाची पावडर लावायलाही तिथे मनाई आहे. तेव्हाच्या पूर्व जर्मनीतल्या या कड्यांवर आल्बर्ट स्वतः जाऊन आला होता, आणि ती शिस्त त्याने आपल्या चुनखडीवर नेली.

त्याच चुनखडीवर वोल्फगांग ग्युलिश हा प्रस्तरारोहक घडला. न्यूरेंबर्गच्या एका व्यायामशाळेत त्याने तिरक्या फळीवर लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि पाय न टेकता, नुसत्या बोटांवर चढउतार करायचा सराव केला. एकदोन बोटेच मावतील अशा खळग्यांची, बाहेर कललेली एक छोटी वाट त्याने १९९१ मध्ये सर केली. ‘अ‍ॅक्शन डिरेक्ट’ हे तिचे नाव. तिची श्रेणी ९ए, त्या काळातल्या काठिण्याची परिसीमा. पुढच्याच वर्षी मोटार अपघातात तो गेला. तशी सरावफळी मात्र आज जवळपास प्रत्येक क्लाइंबिंग जिममध्ये भिंतीवर दिसते.

घड्याळ आणि गर्दी

सोव्हिएत संघात वेगळीच गोष्ट घडली. कॉकेशसमध्ये गिर्यारोहकांच्या प्रशिक्षणातून चढाईच्या स्पर्धा निघाल्या. १९४७ पासून तिथे वरून बांधलेल्या दोरावर, घड्याळ लावून कडे चढले जात होते. वेग हे त्यांचे माप. पश्चिम युरोपातल्या अनेकांना कड्यावर घड्याळ आणणेच रुचत नव्हते.

फ्रान्सने या खेळाला रूप दिले. व्हेर्दोंच्या खोल घळीत चुनखडीचे शेकडो मीटरचे गुळगुळीत कडे. तिथे वरून दोराने उतरून बोल्ट बसवायची पद्धत रूढ झाली. सोनेरी केसांच्या प्रस्तरारोहक पात्रिक एडलिंजेरवरचा १९८२ चा माहितीपट टीव्हीवर पाहून, कड्यावरचा माणूस नर्तकासारखा दिसू शकतो हे घराघरांत कळले. तरी स्पर्धेचे वारे येताच १९८५ मध्ये १९ नामवंत प्रस्तरारोहकांनी विरोधाचा जाहीरनामा काढला: आमचे चढणे क्रमांकासाठी नाही. त्याच वर्षी इटलीतल्या बार्डोनेक्कियाला खऱ्या कड्यावर स्पर्धा झाली. स्तेफान ग्लोवाच आणि कात्रीन देस्तिवेल जिंकले. जाहीरनाम्यावर सही करणारे काही जण पुढे स्वतःच स्पर्धेत उतरले.

खऱ्या कड्यावर स्पर्धा भरवायची तर पकडी घडवाव्या लागतात, झाडेझुडपे तोडावी लागतात, गर्दीने पायथा तुडवला जातो. म्हणून स्पर्धा कृत्रिम भिंतींवर गेल्या आणि १९८९ मध्ये विश्वचषक मालिका सुरू झाली. प्रत्येक स्पर्धेसाठी भिंतीवर नवी वाट रचता येते, त्यामुळे ती सगळ्यांनाच सारखी अनोळखी असते. माझ्या मते भिंतीने खेळाला न्याय दिला आणि कड्यांना उसंत.

फ्रान्समध्ये रूढ झालेली वरून उतरून बोल्ट बसवायची पद्धत अमेरिकेत मात्र फसवणूक मानली जाई. वाट खालून वर जातच उघडायची. ऑरेगनच्या स्मिथ रॉकवर अ‍ॅलन वॉट्सने तो दंडक मोडला, आणि १९८६ मध्ये फ्रान्सच्या जाँ-बातिस्त त्रिबूने तिथेच अमेरिकेतली तोवरची सर्वांत अवघड वाट चढून दाखवली.

पंधरा मीटर, पावणेपाच सेकंद

टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, तेव्हा तीन परंपरा एकाच पदकात कोंबल्या होत्या: सोव्हिएत धाटणीची वेगवान चढाई, दोराविना बुटक्या भिंतीवरचे बोल्डरिंग आणि फ्रेंच वळणाची, दोर ओवत जमेल तितके उंच जायची लीड. तिन्हींतल्या क्रमांकांचा गुणाकार करायचा आणि सर्वांत लहान संख्येला सुवर्ण. स्पेनचा अल्बेर्तो हिनेस लोपेस पहिला, सातवा आणि चौथा आला. २८ गुणांवर सुवर्ण त्याचे झाले. खेळाडूंची ही ओढाताण पॅरिसमध्ये थोडी सुटली. वेगाला स्वतंत्र पदक मिळाले.

वेगाच्या भिंतीची उंची १५ मीटर. जगभर तीच भिंत, त्याच पकडी, त्याच जागी. म्हणजे सराव करायला आल्प्स लागत नाहीत, एक भिंत पुरते. इंडोनेशियाने हे ओळखले. २०१९ मध्ये त्यांची आरिएस सुसांती राहायू सात सेकंदांच्या आत चढणारी पहिली स्त्री ठरली. पॅरिसमध्ये वेद्रिक लिओनार्दोने ४.७५ सेकंदांत सुवर्ण जिंकले. बॅडमिंटनबाहेरचे त्या देशाचे ते पहिले ऑलिंपिक सुवर्ण. जेमतेम एकवीस लाख लोकसंख्येच्या स्लोव्हेनियाची यान्या गार्नब्रेट २०१९ च्या मोसमात बोल्डरिंग विश्वचषकाच्या सहाही स्पर्धा जिंकली, आणि नंतर दोन्ही ऑलिंपिकची सुवर्णपदकेही.

आपला कातळ

सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टचा. थरांवर थर, मधे माती, गवत, हातात निसटून येणारे दगड. इथे परंपरा घडली ती सुळके सर करण्याची: माथा गाठायचा, गरज पडेल तिथे बोल्ट मारायचा. त्या मोहिमांतले धाडस आणि जिद्द मला मोलाची वाटते. पण नवी मुंबईतल्या बेलापूरच्या खडकांवर चार मीटरच्या चढाईसाठी दिवसदिवस झटणारी मुले पाहिली, की दुसरा प्रश्नही इथे रुजल्याचे जाणवते: माथा गाठलास, पण कसा? १९५४ पासून काम करणाऱ्या मुंबईच्या गिरिविहार संस्थेने त्याच खडकांवर स्पर्धा भरवल्या, आणि २०१६ व २०१७ मध्ये बोल्डरिंग विश्वचषकाची एकेक स्पर्धा नवी मुंबईत आणली. जगातले अव्वल प्रस्तरारोहक वाशीत आले, आणि आपल्या मुलांनी त्यांना हाताच्या अंतरावरून पाहिले.

आता गरज आहे ती गावोगावी भिंतींची, शिकवणाऱ्यांची आणि सह्याद्रीला जपणाऱ्या, लिहून ठेवलेल्या नियमांची. ड्रेस्डेनच्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी आपल्या खडकासाठी केले, ते आपणही आपल्या कातळासाठी करू शकतो.

स्पर्धेत पंच असतो, कड्यावर नसतो. पायथ्याशी लाल ठिपका काढायचा की नाही, हे चढणाऱ्यानेच ठरवायचे. खाली बिले देणाऱ्या जोडीदाराच्या लक्षात आलेले नसते, तरी वरून हाक येते, “बोल्टला हात लागला रे, खाली घे, पुन्हा चढतो.” ही हाक ज्या कड्यावर ऐकू येते, तिथे हा खेळ पोचला असे समजावे.