एक दिवस पदर न खोचता

सहल ठरली, की मुलं उड्या मारतात, ‘हे’ टोपी शोधतात आणि आपण? आपण पहाटे चारला उठून पुऱ्या तळतो! दिवसभर डबे उघडायचे नि झाकायचे, रात्री घरी येऊन तेच डबे घासायचे. मैत्रिणींनो, याला का सहल म्हणायचं?

दक्षिण स्पेनमधल्या सेव्हिल, कोर्दोबा या शहरांत लोक दुपारी दोन-तीनला सावकाश जेवतात, उन्हाच्या वेळी घरात विसावतात आणि सांजवेळी फिरत फिरत इथे बशीभर, तिथे बशीभर खातात. हा निवांतपणा आणायला स्पेनला कशाला जायचं? भंडारा-तुमसर रस्त्यावरच्या आपल्या मोहाडीतही तो आहे. मात्र दिवस हिवाळ्याचा निवडा. धान कापून झालेलं असतं, ऊन कोवळं असतं.

सकाळी घरी फक्त चहा. मोहाडीला चौंडेश्वरी देवीचं दर्शन घ्या. नवरात्रात इथे फार गर्दी असते, एरवी निवांत बसता येतं. मग गरम पोहे आणि त्यावर हरभऱ्याची झणझणीत तर्री. पैसे देऊन खाल्लं म्हणून मन खाऊ नका.

तिथून आंधळगाव. मोहाडी-आंधळगाव हा कोशाच्या विणकामाचा भाग. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचे कोश उकळून धागा काढतात. पूर्वी बायका हा धागा उघड्या मांडीवर वळत, कातडी सोलून निघे. त्यासाठी आता यंत्रं आली आहेत. करवती काठाची साडी विणताना तर तीन धोटे चालतात, दोन काठांचे आणि एक अंगाचा. काठावरचे करवतीसारखे दात त्यातूनच उमटतात. माग घरातच असतो, म्हणून विचारून आत जा. घासाघीस करण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा. आपल्यासारख्याच एका बाईचे किती दिवस त्या पदरात गेलेत, ते कळेल. कोसा खरा की खोटा, हे ओळखायचं असेल तर सुटा धागा मागून जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरली, तर खरा. धागा वितळून गोळी झाली, तर समजा कृत्रिम.

दुपारचं जेवण एखाद्या नातलगाच्या शेतावर. बेत पानग्यांचा. कणकेचे जाड पानगे पळसाच्या पानांत गुंडाळून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे. सोबत तुरीचं वरण, वांग्याची भाजी, वर सांबार आणि तुपाची धार. हे काम पुरुषमंडळींना द्या! पंगतींचा स्वयंपाक ते हौसेने करतात, मग चार माणसांचा का नाही? पानगा थोडा करपला तरी उठू नका. पहिल्या पंगतीला तुम्हीच बसा. निघताना विस्तव पाण्याने पुरता विझवायला मात्र सांगा.

जेवण झालं, की मोहाच्या सावलीत सतरंजी टाकून तासभर पडा. कुणी हाक मारली तरी डोळे उघडू नका!

उन्हं कलली, की सातपुड्याच्या पायथ्याचं गायमुख गाठा. तिथलं महादेवाचं ठाणं आणि झऱ्याचं पाणी पाहून मन निवतं. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते, ते दिवस टाळा. जवळच आंबागडचा डोंगरी किल्ला आहे. इ. स. 1700च्या सुमाराला, देवगडच्या बख्त बुलंदाच्या काळात तो बांधला गेला. ‘आलोच आहोत तर तोही उरकू,’ असं कुणीतरी म्हणेलच. नको! त्याला वेगळा दिवस ठेवा. उरकणं आपल्याला रोजचंच आहे.

सोबत पाणी, जुनी सतरंजी, एक कापडी पिशवी आणि पायात सपाट चपला एवढं पुरे. रात्रीसाठी दूध नि मुरमुरे आधीच घरात आणून ठेवा, म्हणजे चूल पेटवायला नको.

घरच्यांना एका दिवसात कसं जमेल, म्हणता? जमतं हो! आपण नुसतं बसून राहायला शिकलं पाहिजे. तेच जरा अवघड आहे, नाही का?