दुधातील अदृश्य विष

मुलांनो, शुभ्र दुधातही विष लपलेले असू शकते. गाईने बुरशी आलेली पेंड खाल्ली, की बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विष रूप पालटून दुधात उतरते व पिणाऱ्याच्या यकृतास अपाय करते. दूध उकळूनही ते नष्ट होत नाही. एक किलोग्रॅम दुधात ते ०.५ मायक्रोग्रॅमहून अधिक असता कामा नये, असा भारतात नियम आहे. एवढासा अंशही कागदाची एक स्वस्त पट्टी ओळखते. तिच्यावर या विषाला नेमके पकडणारी, सोन्याचे सूक्ष्म कण लावलेली प्रतिद्रव्ये असतात. दूध निर्दोष असल्यास ती पुढे सरकून तांबडी रेघ उमटवितात. विष असल्यास ती त्यालाच धरून बसतात व रेघ फिकी पडते. त्यामुळे दूधकेंद्रावरच दुधाची परीक्षा होते. मात्र पट्टी विष दाखविते, काढीत नाही. पेंड कोरडी राखणे हाच खरा उपाय होय.